सत्तर पावलांवरचं बाक

मास्तरांकडे पहिल्यांदा कपडे शिवायला टाकणारं माणूस जरा बुचकळ्यातच पडायचं. टेप कमरेभोवती फिरवली की मास्तर आकडा वाचायचेच नाहीत. टेप तशीच बोटांत धरून विचारायचे, "मग, घराचं रंगकाम काढलंत म्हणे?" गिऱ्हाईक रंगाऱ्याने कसं फसवलं ते सांगायला लागायचं. बोलता बोलता पोटात धरलेला श्वास सुटायचा आणि टेप मास्तरांच्या बोटांखालून इंच-दीड इंच सरकायची. तेव्हा कुठे मास्तर आकडा वाचायचे.

"टेप लावली की माणूस खोटं बोलतं," ते म्हणायचे. "तोंडाने नाही, पोटाने."

चाळीस वर्षं त्यांनी याच एका युक्तीवर धंदा केला. त्यांनी शिवलेला कपडा जेवण झाल्यावरही काचत नसे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दाराशी शिलाई मशीन, त्याच्या मागे इस्त्रीचं टेबल, आणि वर एक फळी. शिवून झालेले, पण कुणी न्यायलाच न आलेले कपडे त्या फळीवर असायचे. मागे दोन खोल्यांत मास्तर आणि त्यांची बायको. तिला सगळे बाई म्हणायचे. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेलेली. ती रोज संध्याकाळी फोन करायची, "आई, कशी आहेस?" आणि आई म्हणायची, "मला काय धाड भरलीये!"

धाड भरलेली होती. हृदयाची एक झडप सैल झालीये, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मास्तरांनी विचारलं, "टाका नाही का घालता येत?" डॉक्टर हसले नाहीत. या तब्येतीत नाही म्हणाले. जड उचलू नका, थोडं थोडं चाला, धाप लागली की बसा.

नदी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी होती, पण ती बाईंनी तीस वर्षांत धड पाहिली नव्हती. त्या पलीकडच्या काठच्या. त्यांचे वडील तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालवायचे. नदी जिथे वळते तिथे समोरच्या काठाला दगडी पायऱ्या होत्या, त्यांवरून उतरून माणसं होडीत बसायची. बाई नवरी होऊन आल्या त्याही वडिलांच्याच होडीतून. पुढे खाली दोन मैलांवर पूल झाला, तर बंद पडली, आणि अलीकडच्या काठावर मालाची गोदामं आणि त्यांची दीड पुरुष उंच भिंत उभी राहिली. पुलावरून बसने जाताना पाणी दिसायचं, पण ती कुणाचीही नदी. ते वळण दिसायचं नाही. वडील गेले, भाऊ पांगले. त्या काठाला जाण्याचं कारणही उरलं नाही.

आणि मग एक दिवस विजेच्या खांबावर कागद लागला. गोदामं हलणार, भिंत पडणार, नदीकाठाने सगळ्यांसाठी पायवाट होणार. तिचा आराखडा लोकांना विचारून करायचा आहे. तरी नागरिकांनी वाचनालयाच्या सभागृहात यावं.

"तुम्ही जा," बाई म्हणाल्या.

"तिथे शिकलेली माणसं असणार."

"मग? त्यांच्या पँटी कोण शिवतं?"

मास्तरांनी टाचणी ओठांत धरली. बाई म्हणाल्या, "मला ते वळण बघायचंय हो. पण माझ्या पायांनी. चाकाच्या खुर्चीत घालून पोत्यासारखं ढकलत न्यायचं नाही. आणि सभेत माझं नाव काढायचं नाही. नाहीतर सगळी गल्ली माझी पावलं मोजत बसेल."

मास्तरांनी शब्द दिला.

वाचनालयात चार टेबलं जोडून नकाशा पसरला होता. आराखडा करणारी बाई तरुण होती, केस पेन्सिलीने वर खोचलेले. गल्लीने तिचं नाव लगेच 'नकाशावाली' ठेवलं. तिने प्रत्येकाला हिरव्या टिकल्यांचा एकेक कागद दिला. जिथे जे हवं तिथे टिकली चिकटवायची. सायकलवाल्यांना रुंद वाट हवी होती, आयांना कठडा हवा होता, भजीवाल्याला भज्यांची गाडी. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून नकाशावर लावली.

"मास्तर, नदीला काय शिवताय? सदरा?" घड्याळजी म्हणाले. घड्याळजींचं दुकान मास्तरांच्या चार दुकानं पुढे, आणि त्यांची जीभ त्यांच्या सगळ्या घड्याळांपेक्षा पुढे.

मास्तरांनी गल्लीच्या तोंडाशी होणाऱ्या फाटकापासून वळणापर्यंत सरळ रेषेत टिकल्या लावल्या.

"काका, सगळ्या एकाच ठिकाणी?" नकाशावालीने विचारलं.

"एकाच ठिकाणी नाहीत. एका शिवणीत आहेत. प्रत्येक टिकलीला एक बाक."

तिने कागद उलटले. "आराखड्यात दर पाचशे फुटांना एक बाक धरलंय."

"वळण चारशे वीस फुटांवर आहे."

"म्हणजे पहिलं बाक वळणाच्या थोडं पुढे येईल."

"तेच म्हणतोय. तोवर माणसाने काय करायचं?"

"चालायचं," मागून हेडसर म्हणाले, आणि लोक हसले. हेडसर म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. नागरिक समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे न मागता आलं होतं आणि त्यांनी ते न संकोचता घेतलं होतं. "पायवाट चालण्यासाठी असते, मास्तर. बाकं टाकली की रिकामटेकडे आलेच."

अशा सभा दीड वर्ष चालल्या. मास्तरांनी एकही चुकवली नाही. दर वेळी तेच म्हणायचे, बाकं जवळ जवळ हवीत. किती जवळ, असं कुणी विचारलं की मात्र ते अडखळायचे. शेवटी नकाशावाली म्हणाली, "मास्तर, पुढच्या महिन्यात बाकांचा निकाल लागेल. मला आकडा द्या. आकड्याशिवाय मी वरच्यांशी भांडू शकत नाही."

आकडा काढायचा म्हणजे माप घ्यायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली सुस्त असताना मास्तर खिशात खडू टाकून बाईंना घेऊन बाहेर पडले.

"तू चाल. थांबावंसं वाटलं की थांब. मी नुसतं मोजतो."

बाईंनी पदर खोचला आणि निघाल्या. मास्तर शेजारी, ओठांत आकडे पुटपुटत. तीस. चाळीस. पन्नास झाली तेव्हा त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती समोर बघत ताठ चालली होती, शाळेच्या कवायतीत चालावं तशी. साठ. सत्तराव्या पावलाला तिने विजेच्या खांबाला हात लावला आणि मान वळवून हसली. "झालं?"

मास्तरांनी भिंतीवर खडूची रेघ मारली. रेघेपर्यंत टेप लावली, तर एकशेपाच फूट भरले. चारशे वीसला बरोबर चार भाग. तीन बाकं, आणि चौथं वळणावर. इतका स्वच्छ हिशोब जमलेला बघून त्यांना एखाद्या कापडात तसूभर तुकडा वाया न जाता आख्खा कोट बसावा तसं झालं.

निकालाच्या सभेत त्यांनी सत्तर पावलं सांगितली. हेडसरांनी मान हलवली. "आळसाला आमंत्रण आहे हे. एवढ्या जवळ बाकं लागणारा माणूस कोण आहे आपल्यात? दाखवा."

बायकोचं नाव मास्तरांच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं आणि हेडसरांकडे वळले. "सर, तुमची पँट मी किती वर्षं शिवतोय?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"दोन वर्षांपासून तुमच्या पँटीची डावी मोहरी टाचेकडे आधी झिजते. डावा पाय तुम्ही उचलत नाही सर, ओढता. तुमच्याही लक्षात आलं नसेल. मी मुद्दाम डावीकडे दुहेरी पट्टी लावतो."

आधी घड्याळजींचं फिस्स, आणि मग सगळेच हसले. हेडसरांनी खुर्चीखाली डावा पाय जरा मागे घेतला. "ठीक आहे," ते म्हणाले. "फाटकापासून वळणापर्यंत. पुढे मात्र पाचशे फुटांनाच."

मास्तर घरी आले ते पोरासारखे. बाईंनी सगळं दोनदा सांगायला लावलं, हेडसरांच्या पायाची गोष्ट तीनदा.

भिंत पडली. गाड्या आल्या, मुरूम आला, बाकांचे सिमेंटचे पाये भरले गेले. मास्तर रोज दुपारी जाऊन बघून यायचे आणि घरी येऊन सांगायचे, तुझं पहिलं झालं, तुझं दुसरं झालं.

अशाच एका सकाळी ते दुकानाच्या दारात बसून काज करत होते. बाई मागच्या दाराने घड्याळजींकडे घराची जादा किल्ली ठेवायला निघाल्या होत्या. मास्तर आत आहेत असं त्यांना वाटत होतं. मास्तरांनी मान वर केली आणि त्या दिवसापासून लागलेल्या सवयीने मनातल्या मनात मोजायला लागले. पदर खोचलेला नव्हता. पाठ ताठ नव्हती. अडतिसाव्या पावलाला बाईंनी भिंतीला हात टेकला. वाकून चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं केलं. चपलेला काही झालेलं नव्हतं. त्या तशाच वाकून राहिल्या, बराच वेळ.

मास्तरांच्या बोटात सुई गेली.

त्या परत आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू सत्तर कशी चाललीस?"

"कुठल्या दिवशी?"

"माहीत आहे तुला."

बाईंनी पाण्याचा तांब्या घेतला, दोन घोट प्यायल्या. "तुम्ही मोजत होता ना," त्या म्हणाल्या.

"तेव्हा खरी किती होती?"

"चाळीसच. रात्री झोपले नव्हते त्यानंतर. पण तुमचं तोंड एवढंसं झालं असतं हो, चाळीस म्हटल्यावर."

मास्तर मशीनवर बसून राहिले. परक्या माणसांच्या पोटातला श्वास सुटेपर्यंत ते चाळीस वर्षं थांबत आले होते. बायकोचं माप घेताना एक अक्षर बोलले नव्हते, नुसते मोजत सुटले होते. रंगाऱ्याचं विचारलं असतं, लेकीचं विचारलं असतं, तरी ती चाळिसाला थांबली असती.

ते तसेच उठून नकाशावालीच्या कचेरीत गेले. टेबलाशी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, माझं माप चुकलं."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. नकाशावालीला ते कळायचं कारण नव्हतं, पण तिने पेन खाली ठेवलं.

"सत्तर नाही. अडतीस हवं."

"मास्तर, पाये भरून झाले. सत्तरसाठी मी तीन बैठका भांडलेय." तिने आवाज खाली आणला. "कुणासाठी आहे हे? घरातलं कुणी आहे का? नाव दिलंत तर खास बाब म्हणून काही बघता येईल."

मास्तर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले, शिवण तपासावी तसं. "नाव नाही देता येत."

"मग वर्षभराने फेरपाहणीची सभा आहे, तेव्हा मांडा. आत्ता समितीत विषय घालते, पण आशा ठेवू नका."

समितीत विषय आला आणि हसण्यावारी गेला. "आधी सत्तर, आता अडतीस," घड्याळजी म्हणाले, "पुढच्या सभेला म्हणतील पावलागणिक बाक! मास्तर, सरळ घरातला पलंगच आणून टाका ना काठावर." त्यात वाईट काही नव्हतं. घड्याळजींना माहीतच नव्हतं. मास्तरही सगळ्यांबरोबर हसले.

पायवाट उघडली तेव्हा फीत कापायला गर्दी झाली. बाई म्हणाल्या, ओसरू दे. गर्दी ओसरायला पंधरा दिवस गेले, आणि त्या पंधरा दिवसांत पावलं अडतीसवरून पंचविसावर आली. आता मास्तर चोरून मोजायचे, काहीतरी बोलता बोलता.

एका बुधवारी दुपारी घड्याळजींनी बाईंना स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडलं. उतरताना त्यांनी बाईंचा हात धरला, तो हलका लागला असावा, कारण नंतर बोलले काहीच नाहीत. मास्तर मागून आले. त्यांच्या हातात दुकानातलं लाकडी स्टूल होतं, कापडात गुंडाळून वर दोरी बांधलेलं. कुणी बघितलं तर गिऱ्हाइकाचं गाठोडं वाटावं.

पंचवीस पावलांनी मास्तरांनी गाठोडं खाली ठेवलं. बाई बसल्या. नदीकडे तोंड करून, जसं काही बघायलाच थांबल्यात. पुन्हा पंचवीस. पुन्हा गाठोडं. मग वीस, आणि पहिलं बाक. तिथे त्या बराच वेळ बसल्या. बाकाच्या फळीवरून हात फिरवून म्हणाल्या, "चांगलं गुळगुळीत केलंय हो." दुसऱ्या बाकापर्यंत स्टूल तीनदा टेकवावं लागलं.

दुसऱ्या बाकावरून समोर पाणी होतं, पण वळण दिसत नव्हतं. एका न पाडलेल्या गोदामाचा कोपरा आड येत होता. अजून दोन बाकं, एकशेचाळीस पावलं. बाईंचे ओठ निळसर झाले होते.

"पुढचं उद्या," त्या म्हणाल्या. मास्तरांचा चेहरा बघून हसल्या. "शिंप्याची बायको आहे मी. उद्या म्हणायचा हक्क आहे मला. तुम्ही गिऱ्हाइकांना चाळीस वर्षं काय सांगताय?"

"उद्या तर उद्या."

"तुम्ही जाऊन बघून या ना. सांगा मला काय दिसतं ते."

मास्तर गेले. एकशेचाळीस पावलं त्यांना नव्वदच पडली. वळणावर चौथं बाक होतं, नवंकोरं. कठड्याला धरून त्यांनी पलीकडे पाहिलं. तिथे काँक्रीटचा सपाट, करडा बांध होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पायरी म्हणून नव्हती. त्यांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. मग परत आले.

"पायऱ्या आहेत?" बाईंनी विचारलं.

"आहेत."

"किती?"

ते एवढ्याची तयारी करून आले नव्हते. "सात."

बाईंनी मान हलवली. "अकरा होत्या. म्हणजे पाणी चढलंय." आणि त्यांनी धरून ठेवलेला एक लांब श्वास सोडला.

श्वास सुटला की माप खरं, हा मास्तरांचा कायदा. त्या दिवशी त्यांना काही ठरवता आलं नाही. आपलं खोटं तिने मानलं, की नुसतं ठेवून घेतलं, याचा विचार करत ते गाठोडं उचलून तिच्या मागे चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंना उठता आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शनिवारी सकाळी चहाचं आधण ठेवून त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, त्या तशाच खाली बसल्या. मास्तर कात्री टाकून आत आले तेव्हा पाणी उकळत होतं.

मुलगी आली, तेरा दिवस राहिली, रडली, वडिलांना चला म्हणाली. "फोनवर तर म्हणायची, मला काय धाड भरलीये," ती सारखी म्हणत होती. मास्तरांनी तिला काही समजावलं नाही. दुकान पुन्हा उघडलं.

वर्ष झालं आणि फेरपाहणीची सभा लागली. मास्तर शेवटच्या रांगेत बसले. तोवर सगळ्या गल्लीला सगळं कळलं होतं. स्टुलाचं घड्याळजींनीच सांगितलं होतं, डोळे पुसत. नकाशावालीने इकडचे तिकडचे विषय संपवले आणि कागदाकडे न बघता म्हणाली, "मास्तर, तुमचा अडतिसाचा विषय राहिलाय."

कुणी हसलं नाही. हेडसर म्हणाले, "मंजूर समजा." घड्याळजी म्हणाले, "हो हो." एवढ्या पटकन त्या सभागृहात काहीच कधी मंजूर झालं नव्हतं.

मास्तर उभे राहिले. "ज्याचं माप होतं ते माणूस गेलं," ते म्हणाले. "ते न्यायला येणार नाही आता. तुम्हाला करायचं तर करा." आणि खाली बसले.

मधली बाकं बसली. मास्तर रोज दुपारी पायवाटेवर जातात. दुसऱ्या जुन्या बाकावर बसतात, गोदामाच्या कोपऱ्याकडे तोंड करून. त्याच्या पुढे जात नाहीत. ज्या वळणासाठी दीड वर्ष भांडले, त्या वळणावरच्या बाकावर त्यांना अजून कुणी बसलेलं पाहिलेलं नाही.

परवा हेडसर काठी टेकत आले, त्यांच्याशेजारी बसले. डावा पाय हातांनी उचलून नीट ठेवला.

"मधली बाकं बरी झाली हो," ते म्हणाले. "मला आता लागतात."

"हं."

हेडसर उठायला लागले. "चला, वळणापर्यंत जाऊ सावकाश. आज नको असेल तर उद्या जाऊ."

मास्तरांनी काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

"उद्याचं काही बोलू नका, सर," ते म्हणाले. "तुमची पँट शुक्रवारी मिळेल. चार वाजता."